‘आपले फोटो आपल्या कपाटात’ या सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या, गावाच्या आणि शाळासोबत्यांच्या अशा तिन्ही व्हॉट्सॲप गटांवर एकच संदेश फिरून आला. त्याचा आशय असा : क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक, लोक तिथे फोटो ठेवतात ते फुकटच्या लोभाने आणि आळसापोटी, त्यापेक्षा एकदाच हार्डडिस्क घ्यावी, कपाटात ठेवावी आणि जन्मभर निश्चिंत राहावे. यातले पहिले विधान खरे आहे. बाकीची चुकीची आहेत, आणि ती मनावर घेऊन कोणी फोनमधला बॅकअप बंद केला तर त्याचे कायमचे नुकसान होऊ शकते.

लोभाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. गूगल फोटोज २०१५ मध्ये सुरू झाले तेव्हा थोडे आक्रसलेले फोटो अमर्याद ठेवता येत. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळते. ॲपलच्या आयक्लाउडवर तर ५ जीबीच. पुढे ॲन्ड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. लोभ हेच कारण असते, तर लोकांनी तेव्हाच काढता पाय घेतला असता. उलट माझ्या ओळखीतले कितीतरी जण दरमहा पैसे भरून तिथेच राहिले आहेत.

हार्डडिस्कवरचा विश्वास मात्र मला खरोखर काळजीत टाकतो. बाहेरून जोडायच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात वापराच्या वेळी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे लिहिलेले असते, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बंद डिस्क याहून अधिक उष्णता सोसते हे मान्य. पण ती जोडली जाते तीही बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीतच, घर भरलेले असताना, भर दुपारी. माझी स्वतःची डिस्क अशाच एका दुपारी टकटक आवाज करत बंद पडली आणि तिच्यातली धाकट्या बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे आजवर परत मिळालेली नाहीत. शिवाय डिस्क धडधाकट असली तरी ती संगणकाच्याच घरात असते; चोरी झाली, आग लागली किंवा पाणी शिरले, तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदमच जातात.

आळसाच्या आरोपाला उत्तर रावेर तालुक्यातल्या माझ्या मावसभावाच्या बागेत मिळाले. वादळात निसवणीला आलेली, म्हणजे घड बाहेर पडू लागलेली केळी आडवी झाली. अशा वेळी फळपीक विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवावे लागते. त्याने चिखलात उभे राहून फोटो काढले, आणि त्याच संध्याकाळी फोन पाटात पडला. फोटो तोवर आपोआप वर चढलेले होते, तारीख-वेळेसह; मुलाच्या फोनवर खाते उघडताच ते मिळाले. त्या दिवशी डिस्क काढून फोटो उतरवून घेण्याचे भान कोणाला राहिले असते? जी नक्कल कोणाच्या लक्षात न राहताही होते, तिच्यासाठी लोक क्लाउडवर टिकून आहेत.

दुसरे कारण आमच्या विखुरलेपणाचे. खान्देशातली किती घरे सुरत, नाशिक, पुण्याला पांगली आहेत हे श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला कळते, कारण तेव्हा सगळे गावी येतात आणि दहा फोनांत दहा जणांचे फोटो असतात. ते एका सामायिक अल्बममध्ये जमले की सुरतेतली आत्या आणि गावातली आजी एकच फोटो बघतात. कपाटातली डिस्क हे करू शकत नाही.

‘दुसऱ्याचा संगणक’ या विधानातला धोका मी नाकारत नाही. गूगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले नाही तर ते मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. दिवंगत वडिलांचे खाते तसेच पडून असेल तर कुटुंबाने हे आज तपासावे. ॲमेझॉनने आपली ड्राइव्ह सेवा २०२३ च्या अखेरीस बंदच केली. आणि जिथे फोन व क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवलेले असतात, तिथे एका ठिकाणी पुसलेला फोटो दुसरीकडूनही जातो. गोपनीयतेचा आक्षेपही योग्य आहे : साध्या रचनेत कुलपाची किल्ली कंपनीकडेच असते.

लोक टिकून राहण्याचे आणखी एक कारण आहे, जे या संदेशाला दिसलेच नाही, आणि ते कंपन्यांच्या कौतुकाचे नाही. ज्या घरात ब्रॉडबँड नाही आणि दिवसाला २ जीबीचे पॅक आहे, तिथे साठलेले ८० जीबी खाली उतरवायला, दुसरे काहीही न बघता, ४० दिवस लागतील. वर चढवणे रोज थोडे थोडे, नकळत होते. खाली आणणे एकदम करावे लागते. ‘आजच क्लाउड सोडा’ असे सांगणाऱ्याने हा हिशेब आधी मांडायला हवा होता.

मावसभावाला मी दिवाळीत डिस्क घेऊन दिली. सुरतेच्या भावाकडे वायफाय आहे. तिथे चार दिवस राहून त्याने सगळे फोटो तिच्यावर उतरवले आणि डिस्क तिथेच ठेवली. फोनमधला बॅकअप त्याने चालूच ठेवला आहे.