ऊर्जा 'उसनी' मिळत नाही
ऊर्जा आणि काळ यांच्यातल्या अनिश्चिततेच्या नात्यावर (ऊर्जा जितकी नेमकी, तितका 'डेल्टा टी' हा वेळ जास्त) तुमच्या लेखात 'कण क्षणभर ऊर्जा उसनी घेतो आणि फेडतो' असं लिहिलंय, ते पटलं नाही. इथे सांगलीत बीएस्सीच्या मुलांना शिकवताना हे वाक्य मी मुद्दाम टाळते. ऊर्जा अक्षय्यच राहते, तिची उधारी नसते. शिवाय हे ऊर्जा-काळाचं नातं स्थान-संवेगाच्या अनिश्चिततेसारखं नाही. पुंजयामिकीत काळ ही कणाची मोजायची राशी नसून फक्त प्राचल (समीकरणात बाहेरून येणारा आकडा, पॅरामीटर) असतो. मांडेलश्टाम आणि ताम या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी १९४५ साली दाखवलं की सूत्रातला 'डेल्टा टी' म्हणजे व्यवस्थेत लक्षात येण्याजोगा बदल व्हायला लागणारा वेळ.

सोडियमचा दिवा घ्या, मुलांना रोज दिसणारा. उत्तेजित अणू सरासरी १६ नॅनोसेकंदच टिकतो, त्यामुळे त्याची ऊर्जा पूर्ण नेमकी नसते, म्हणून वर्णपटातल्या त्या पिवळ्या रेषेला साधारण १० मेगाहर्ट्झ नैसर्गिक रुंदी (वारंवारितेतला पसारा) असतेच, उपकरण कितीही भारी आणा. (दिव्यात ती दिसत नाही, तापलेल्या अणूंच्या धावपळीने येणारी डॉपलर रुंदी तिच्या शंभरपटीहून जास्त असते.) झेड बोसॉन या अतिअल्पायुषी मूलकणाचं आयुष्य तर घड्याळ लावून मोजताच येत नाही, ते सुमारे २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या ऊर्जेतल्या रुंदीवरूनच काढतात. लेखात कृपया हे उदाहरण घाला, मुलं असे लेख वाचूनच परीक्षेला येतात.