सहा शिंगांचा डबा घ्या, शेठ

वायफायचा डबा घ्यायला निघालात ना, मग सगळ्यात आधी शिंगं मोजा. दोन शिंगांचा घरी चालतो. सराफी दुकान, दाल मिल, केळीची वखार म्हटलं की सहा तरी पाहिजेत, आणि आठ मिळाली तर बाजूच्या दुकानदाराच्या पोटात दुखेल, तो फायदा वेगळा. छताला पापडासारखी चिकटवायची एक पांढरी चकती काही जण ‘ॲक्सेस पॉइंट’, म्हणजे वायफाय पसरवणारा डबाच, म्हणून दाखवतात. तिला एकही शिंग नसतं. अँटेना आतच असते असं म्हणतात. आत असलेल्या वस्तूचे पैसे आपण कधी दिलेत का?

भरताचं वांगं घेताना तुम्ही काय करता, ते मी पाहिलंय. बामणोदचं आहे का विचारता, हातावर तोलता, देठ बघता, दाबून बियांचा अंदाज घेता, दोन परत टाकता, तिसरं पिशवीत घालता. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा एवढा चोखंदळपणा शोभतो. वायफायला तो लागत नाही. शिंगं मोजली, खोकं उचललं, झालं.

मी हे एवढ्या आपुलकीनं का सांगतोय, तेही सांगून टाकतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात नेटवर्क बसवणं आणि बिघडलेलं दुरुस्त करणं हा माझा धंदा. तुम्ही डबा चुकीचा घेतला की माझी एक फेरी होते, वायर चुकीची घेतली की पाच. तेव्हा माझा सल्ला अगदी मनापासून आहे.

शिंगांनंतर खोक्यावरचा आकडा बघा. ‘एएक्स ३०००’ लिहिलं असेल तर ३००० चा स्पीड मिळणार, हे घरी जाऊन सांगायला मोकळे. हा आकडा कसा होतो, ते विचारू नका. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ मिळून होतात २९७६, ते वर ढकलून ३०००. तेही कागदावर. तुमच्या मुनीमजींचा फोन एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर बसतो. म्हणजे एकरी किती केळी निघाली असं विचारल्यावर एखाद्यानं आपली आणि बांधावरच्या शेजाऱ्याची मिळून सांगावी, तसला हा हिशेब. त्यात तुमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. विहिरीला पाणी बोटभर आणि मोटर दहा एचपीची! पण मोटर दहाची आहे हे चारचौघांत सांगता येतं, पाण्याचं कोण विचारतं.

डबा एकच घ्या, मोठा घ्या, आणि त्याची पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फुल्ल करून टाका. तीन-चार लहान ॲक्सेस पॉइंट कमी पॉवरवर ठिकठिकाणी लावले तर सगळीकडे सारखी रेंज मिळते, असं शिकलेले लोक म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की डबा कितीही जोरात ओरडला तरी खिशातल्या फोनचा आवाज बारीकच असतो. फोनला डबा ऐकू येतो, डब्याला फोन ऐकू येत नाही. फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि बिल काही निघत नाही. पण काड्या दिसतात ना? गिऱ्हाईकाला तेच दाखवायचंय.

आता डबा कुठे लावायचा? तिजोरीवर. नाहीतर देव्हाऱ्यामागे, नाहीतर लोखंडी कपाटाच्या आत, म्हणजे धूळ बसत नाही. सराफी दुकानात तर जागेचा प्रश्नच नाही, भिंतभर आरसे असतात, त्यांच्या मागे सरकवून द्या. आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो आणि रेडिओलहरी त्यावरून तशाच परततात जसा तुमचा चेहरा, ही शाळेतली गोष्ट. दुकान चालवायला शाळा कशाला पाहिजे? १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख नंबर, सक्तीचा झाला, आणि आता गिऱ्हाईक काउंटरवरच बीआयएस केअर ॲप उघडून तो नंबर टाकून बघतं. नेट आरशामागे अडकलं की ॲपमध्ये ते गोल गोल फिरत राहतं. तेवढ्या वेळात चहा मागवा.

तुम्ही मिलिग्रॅमपर्यंत तोलणारे लोक, म्हणून भीत भीत सांगतो, सिग्नलही मोजता येतो. फोनवर फुकटचं ॲनालायझर ॲप टाकलं की उण्यात आकडा येतो. दुकानाच्या प्रत्येक कोपऱ्यात तो उणे ६७ किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, मिळाला तर फोनवरचं बोलणंसुद्धा तुटत नाही. पण उण्यातला आकडा तुम्हाला अशुभ वाटेल, तेव्हा राहू द्या.

केळीवाल्यांसाठी स्वतंत्र सल्ला आहे, कारण त्यांनी मला सगळ्यात जास्त जगवलंय. रावेर, यावल, सावदा, फैजपूर, जिथे जाल तिथे रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची बंद खोली. चेंबरच्या भिंती म्हणजे मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा. माणूस आत शिरून दार लावतो तेव्हा तो लोखंडी डब्यात शिरलेला असतो, आणि डब्यात वायफाय शिरत नाही. म्हणून तपासणी कायम दार उघडं ठेवून करा. आणि रिकाम्या चेंबरमध्ये करा. पिकल्या केळ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं आणि २.४ गिगाहर्ट्झला पाणी म्हणजे तहानलेल्या बैलाला हाळ, वाटेतच सगळं संपतं. रिकामं असताना रेंज फक्कड येते, मग क्रेटवर क्रेट चढले की तापमानाचं सेन्सर मुकं होतं आणि तुम्ही मला फोन करता की काल तर चालत होतं. काल केळी नव्हती, शेठ.

आत वायर नेऊन आतच एक छोटा ॲक्सेस पॉइंट लावला की काम होतं, ओल सोसणारा, आयपी ६७ वगैरे लिहिलेला. पण त्याला शिंगं कमी असतात.

मे महिन्याची गोष्ट तर सांगायलाच नको. आत लावायच्या बऱ्याच डब्यांवर ० ते ४० अंश असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते छापणारा माणूस भुसावळला कधी उतरलेला नसणार. आपल्याकडे सावलीत ४५ होतं, पत्र्याच्या शेडखाली किती होतं ते हमालाला विचारा. एका दाल मिलमध्ये दुपारी दोनला गेलो होतो. नेट दर वीस मिनिटांनी जात होतं. डबा पत्र्यापासून हातभर खाली, तुरीच्या भुशीनं पिवळा झालेला, त्याच्या भोका-भोकांत भुसा. त्याच्यासमोर खुर्चीवर टेबलफॅन ठेवलेला, पूर्ण वेगात, आणि पलीकडे मुनीमजी घामाघूम होऊन खताच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. मी म्हटलं, फॅन तुमच्याकडे वळवा की. ते म्हणाले, “मी बंद पडलो तर शेठ काही बोलणार नाहीत, हे बंद पडलं तर ई-वे बिल निघत नाही.”

आता वायरीकडे येतो. इथे जरा वेळ बसू, कारण माझ्या मुलीची फी याच वायरीतून जाते.

ॲक्सेस पॉइंटपर्यंत जी केबल जाते, तिची पेटी ३०५ मीटरची मिळते. एक पेटी शुद्ध तांब्याची असते आणि एक असते ‘सीसीए’, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ पापुद्रा. दोन्हींच्या पेट्या सारख्याच देखण्या, रंग सारखा, भावात मात्र चांगलाच फरक. तुम्ही स्वस्तातली घ्या. तांब्यापेक्षा ॲल्युमिनियमचा विजेला विरोध जास्त, त्यामुळे लांबवर वीज पोचता पोचता दम तोडते, वायर गरम होते, आणि जॅकमध्ये दाबलेली तार सहा महिन्यांत कुरकुरीत होऊन तुटते. तुटली की मी आहेच.

एका सराफाच्या दुकानात अशीच केबल निघाली. माणूस जुन्या पिढीतला, गादीवर बसणारा, दागिना हातात घेतला की कसोटीवर घासायच्या आधीच किती टंच आहे ते सांगणारा. मी वायर सोलून तारेचं टोक त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवलं आणि ब्लेडनं हलकेच खरवडलं. लाल पापुद्रा गेला आणि खालून चांदीसारखं पांढरं निघालं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. दोन बोटांत तार फिरवली, वाकवली, पुन्हा फिरवली.

“हा तर मुलामा आहे!” म्हणाले.

“हो.”

“तांब्याच्या भावात दिला?”

“तांब्याच्या नावात दिला, भावात नाही. तुम्हीच स्वस्तातली आणायला सांगितली होती.”

ते बराच वेळ गप्प होते. आयुष्यभर दुसऱ्याचा मुलामा पकडलेला माणूस, त्याच्याच भिंतीत दोनशे मीटर मुलामा निघालेला. मला वाटलं, आता म्हणतील सगळी उपटून टाक. भिंग खाली ठेवून ते म्हणाले, “पण चालतं ना अजून?”

चालतं की. तुम्हीही हेच विचारत जा. आणि केबल शंभर मीटरच्या आत ठेवायची असते, तो नियम मोडायला घाबरू नका. गोडाऊन दीडशे मीटरवर असेल तर मध्ये दोन तुकडे पिळून टेप मारा. विजेच्या वायरीच्याच पट्टीतून न्या, पट्टीचे पैसे वाचतात.

त्याच वायरीतून डब्याला वीजही देता येते, त्याला पीओई म्हणतात. इथे स्विचवर ‘पीओई’ हे अक्षर दिसलं की पुरे. कुठलं पीओई ते बघत बसू नका. साध्या ‘एएफ’ प्रकारात पोर्टमागे १५.४ वॅट निघतात, ‘एटी’मध्ये ३०. तुमचा नवा डबा वीस वॅट खात असेल आणि स्विच ‘एएफ’ असेल, तर डबा एकतर अर्ध्या ताकदीनं चालतो किंवा गर्दी वाढली की डोळे मिटतो. शिवाय आठ पोर्टचा स्विच एकूण ६० वॅटच देऊ शकत असेल, तर पंगतीत आठ पानं मांडून भाकरी चौघांच्याच केल्यासारखं होतं. स्विचला इन्व्हर्टरवर घेतलं तर लाइट गेली तरी सगळं वायफाय चालू राहतं. तेव्हा इन्व्हर्टरवर गल्ल्यावरचा पंखा घ्या, मूर्तीची माळ घ्या, स्विच मात्र मेनवरच असू द्या.

रेंज संपते तिथे रिपीटर लावायचा, हे तुम्हाला माहीतच आहे. बरोबर तिथेच लावायचा, जिथे रेंज संपली. त्याला स्वतःलाच ऐकू आलेलं नसतं, तरी तो पुढे सांगत राहतो. निरोप्याचा निरोप्या. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर बोलायचं, म्हणून स्पीड अर्ध्यावर येतो, पण फोनवर काड्या मात्र पुन्हा पूर्ण. दुसरा रिपीटर लावलात की निम्म्याचं निम्मं. आणि प्रत्येकाला वेगळं नाव द्या, म्हणजे हिशेबाच्या खोलीतून काउंटरवर येताना पोऱ्याला दर वेळी फोन हातात घेऊन नाव निवडता येईल. तेवढाच व्यायाम.

चॅनेलबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. गोलाणी मार्केटसारख्या दाटीच्या जागी उभं राहून फोनवर नेटवर्कची यादी उघडली की बोट दुखेपर्यंत ती सरकत राहते. तुम्ही ३ घ्या. दोन्हीकडचा त्रास एकट्याला मिळतो.

पासवर्ड दुकानाच्या फोन नंबरचाच ठेवा. तो पाटीवर लिहिलेलाच आहे, लक्षात राहायला सोपा. डब्याच्या आतला ‘ॲडमिन, ॲडमिन’ बदलू नका, मला आल्यावर विचारायला लागतं. गिऱ्हाईकासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करता येतं, म्हणजे पाहुणा ओसरीवर बसतो आणि टॅलीचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर माजघरात राहतो. पण खान्देशी पाहुणचार असा थोडाच असतो? पाहुण्याला एकदम तिजोरीच्या खोलीत बसवा, वर शेवभाजी वाढा.

जूनच्या पहिल्या पावसाआधी रस्ता ओलांडून समोरच्या गोडाऊनला जाणारी तांब्याची केबल उघड्यावर तशीच लोंबू द्या. सर्ज प्रोटेक्टर लावू नका, अर्थिंगला हात लावू नका. फायबर टाकली तर विजेचा झटका तिच्यातून येत नाही, म्हणून फायबर अजिबात नको. मागच्या वर्षी पहिल्याच गडगडाटात एका ठिकाणचा स्विच, डीव्हीआर, प्रिंटर आणि दोन डबे एका रात्रीत गेले होते. मी मुलीला सायकल घेतली.

आणि मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येईल. दुकान उघडायच्या आधीच बाहेर बायका-माणसं उभी, सोन्याचा भाव काय, घडणावळ काय, आत येईल तो प्रत्येक जण आधी वायफायचा पासवर्ड मागणार. अकराच्या सुमारास तुमचा फोन येईल.

“नेट चाली नही राह्यनं भो, लवकर ये!”

“निघालोच शेठ.”

“आणि ऐक, मी काल अजून एक डबा आणून ठेवलाय. आठ शिंगांचा. तो कुठे लावायचा?”

“तिजोरीवर, शेठ. वायर जुनीच असू द्या. शिडी मी आणतो.”