‘मंतेरा’ ऐकलं की वेद आठवणाऱ्यांसाठी

दर काही महिन्यांनी ग्रुपवर तोच संदेश फिरून येतो. मलेशियातले मांत्रिक आजही आपले वेदमंत्रच म्हणतात, फक्त उच्चार बिघडलेत; वापर मात्र काळ्या जादूसाठी करतात; आणि उरलेला ठेवा इस्लामने गाडला. तीन वाक्यं, तिन्ही लंगडी.

आधी वेदांचं बघू. मंत्राला मलय भाषेत ‘मंतेरा’ म्हणतात; हा शब्द संस्कृतातून गेला, मान्य. काही मंत्र ‘होंग’ने सुरू होतात, तो आपला ॐ. त्यांतला ‘बतारा गुरू’ म्हणजे शिव. पण शब्द गेला म्हणून मजकूरही गेला असं होत नाही. मलयमध्ये रमझानच्या रोजाला ‘पुआसा’ म्हणतात, म्हणजे उपवास. मलेशियातल्या तेरेंगानू राज्यातल्या चौदाव्या शतकातल्या शिलालेखात तर अल्लाहलाच ‘देवाता मुलिया राया’ म्हटलंय. मग रमझानही आपलाच म्हणायचा का?

मंत्राची भाषा साधी मलय असते: तुटक ओळी, यमकं, एकच गोष्ट दोनदा फिरवून सांगणं. सुरुवातीला बहुधा बिस्मिल्लाह, शेवटी ‘बेरकात ला इलाहा इल्लल्लाह’ (हे ‘बेरकात’ म्हणजे आपली बरकत). मधे शिव, सुलेमान पैगंबर, जिन्नांचा राजा आणि गावचा एखादा ‘दातो’ (पूजनीय आजोबा) एका पंगतीत. वेदमंत्रात स्वर चुकला तरी दोष. इथे प्रत्येक पावांगाचा, म्हणजे मांत्रिकाचा, पाठ वेगळा. भावंड शोधायचंच तर ते आपल्या साबरी मंत्रांत सापडेल. तेही लोकभाषेतले, तिथेही जोगी आणि पीर शेजारी, आणि शेवटी कुणाची तरी आण. मलय मंत्रही पुष्कळदा असाच हात झटकून संपतो: हा तोडगा माझा नाही, अमुक दातोचा.

आता काळी जादू. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं विमान बेपत्ता झालं तेव्हा क्वालालंपूरच्या विमानतळावर नारळ घेऊन बसलेल्या बोमोहचा (वैदू-मांत्रिकाचा) व्हिडिओ जगभर फिरला. तेवढ्यावर मत बनवलेले लोक बरेच आहेत. वशीकरणाचे, घात करण्याचे मंत्र आहेतच. पण वॉल्टर स्कीट या इंग्रज अभ्यासकाने १९०० साली छापलेला मलय मंत्रांचा संग्रह उघडा: पानोपानी शेती, मासेमारी, खाणी, बाळंतपण.

भाताचंच घ्या. कापणीआधी सात लोंब्या खुडायच्या, त्याही ‘तुआई’ने. हे पातं मुठीत लपेल एवढंच, कारण ते दिसलं तर भाताचा ‘सेमांगात’, म्हणजे जीव, दचकून पळेल. त्याला हाक मारायची ‘कुर सेमांगात’. ‘कुर’ म्हणजे कोंबड्यांना बोलावताना काढायचा आवाज. मग त्या लोंब्या तान्ह्या बाळासारख्या फडक्यात गुंडाळून घरी आणायच्या. यात काळं काय आहे?

कथलाच्या खाणीत पावांगाचा शब्द चाले. तिथे हत्तीचं नाव घ्यायचं नाही, ‘उंच, गर्रकन वळणारा’ म्हणायचं. रानात वाघ म्हणजे ‘तोक बेलांग’, पट्टेवाले आजोबा. रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या आजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. आजार आणणाऱ्या भुतालाही आधी बजावायचं की तुझं मूळ मला ठाऊक आहे. ओळख काढली की निम्मा जोर गेला, असा हिशोब.

राहिला इस्लाम. धर्माचा दाब खोटा नाही. केलांतान राज्यात १९९०पासून पास या इस्लामी पक्षाची सत्ता आहे आणि माक योंग या नृत्यनाट्यासारख्या जुन्या खेळांवर तिथे बंदी आली. पण ज्यांनी हे मंत्र कित्येक शतकं जपले ते मुसलमानच होते, हे संदेश लिहिणारा सोयीने विसरतो. आणि भाताचा मंत्र, माझ्या मते, मौलवींपेक्षा यंत्रांनी जास्त मागे सारला. केदाह राज्यातल्या मुदा सिंचन प्रकल्पाचं पाणी आलं, वर्षाला दोन पिकं निघू लागली, विळ्याने कापणी होऊ लागली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेतात हार्वेस्टर उतरले. त्यांचं पातं कोणत्या मुठीत लपवणार?