"मुलं झाली ना? मग काढून टाका!"

पुढच्या गुरुवारी माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. हे इथे लिहावं की नाही यात दोन दिवस गेले. आई म्हणाली, चारचौघांत सांगायच्या गोष्टी आहेत का या! (आई फेसबुकवर नाही, म्हणून लिहितेय.)

तीन वर्षं महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जातंय, रक्ताच्या गाठी पडतात. बँकेत काउंटरवर काम. कायम काळी सलवार, पर्समध्ये जादा जोड, आणि उठताना आधी खुर्चीकडे बघायचं. जिना चढताना धाप लागायची, तर मी वजनाला दोष देत होते. तपासलं तर हिमोग्लोबिन 7.2. सोनोग्राफीत दोन फायब्रॉईड (पिशवीतल्या साध्या गाठी) आणि अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे पिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूत शिरलेलं.

पहिल्या दवाखान्यात सगळं सात मिनिटांत आटोपलं. "मुलं किती? दोन? मग काय करायचीय ठेवून? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" घाबरून मी तारीखच घेऊन आले. फायब्रॉईडचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ असतं आणि पाळी गेल्यावर ते बहुतेकदा आक्रसतात, हे मला नंतर वाचून कळलं. तिथे कुणी सांगितलं नाही.

माझा राग आहे तो "मुलं झाली ना?" या प्रश्नावर. बीडच्या ऊसतोड बायकांनाही तो असाच विचारला गेला असणार. तीन वर्षांत त्या जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत 4,605 पिशव्या काढल्या गेल्या, असं 2019 मध्ये सरकारनेच विधान परिषदेत सांगितलं. पाळीमुळे कामाला खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, वर डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार. त्या बाईने "हो" म्हटलं, तर तो तिचा निर्णय म्हणायचा?

मी पगारी रजा असलेली बाई, म्हणून दुसरीकडे जाऊ शकले. त्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "नेमकं काय सहन होत नाहीये? रक्त, दुखणं, की काळजी?" मग बायॉप्सी (स्वच्छ आली), शिरेतून लोह, रक्त थांबवायच्या गोळ्या, मग मिरेना (रक्तस्राव कमी करायला पिशवीत बसवतात ती हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू) बसवली. ती चौथ्या महिन्यात रक्ताबरोबर बाहेर पडली. पाळी जाईपर्यंत वाट बघायची तर अजून किती वर्षं, कोण सांगणार?

म्हणून काढतेय. आता दुसऱ्या बाजूचे सल्ले सुरू झालेत. एक मैत्रीण म्हणते, पिशवी गेली की बाईपण गेलं. अगं, माझं बाईपण तीन वर्षं पॅड बदलण्यात चाललंय! एका काकूंकडे काढ्याची कृती आहे, ती मी त्यांच्याचसाठी राखून ठेवलीय.

अंडाशय मात्र ठेवायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी तेही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. "एकदा उघडलंच आहे तर" म्हणून ते काढायची पद्धत ऐकली होती, म्हणून समीरा कोहली खटला वाचून काढला. 1995 साल, दिल्ली, वय माझ्याएवढंच, 44. तपासणीच्या लॅपरोस्कोपीसाठी (पोटात दुर्बीण घालून बघायला) भूल दिलेली होती. बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि पिशवी, अंडाशय सगळं काढून टाकलं. सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये सांगितलं की बाई सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तर आईची संमती चालणार नाही. भरपाई मिळाली 25,000 रुपये. तेरा वर्षांनी.

काल संमतीपत्र वाचायला मागितलं, तर नर्स चकित. "मॅडम, कोणी वाचत नाही हो." मी वाचलं. "आवश्यकतेनुसार इतर अवयव" ही ओळ डॉक्टरबाईंसमोर खोडली, वर लिहिलं: अंडाशय ठेवावेत, आत काही संशयास्पद दिसलं तरच काढावेत. त्यांनी शेजारी सही केली.

नर्सने कागद नवऱ्यापुढे सरकवला, "सर, इथे तुमची सही."

तो म्हणाला, "साक्षीदाराचा रकाना कुठला?"