देश बुडत असताना घ्यायची काळजी

समजा, उद्या सकाळी तुमच्या हाती एक देश आला. हसू नका, कुणाच्याही हाती येतो. निवडणूक झाली, शपथ झाली, हार गळ्यात पडले आणि तिजोरी उघडून पाहिली तर आत खडखडाट. अशा वेळी अर्थशास्त्राची पुस्तके उघडू नयेत. त्यांत भलतेसलते उपाय दिलेले असतात आणि प्रत्येक उपायात कुणाला तरी वाईटपणा घ्यावा लागतो. त्यापेक्षा रामेश्वरमच्या पलीकडे बघा. श्रीलंकेच्या सरकारने नोव्हेंबर २०१९ ते जुलै २०२२ या काळात असा काही वस्तुपाठ घालून दिला आहे की होतकरू राज्यकर्त्याला दुसरीकडे शिकवणी लावायची गरजच नाही.

सगळ्या वस्तुपाठाचे सार एका पथ्यात आहे: काहीही झाले तरी कबूल करायचे नाही. बाकीचे तपशील.

सुरुवात आनंदाने करा. गोटाबया राजपक्षे नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा डोक्यावर परकीय कर्जाचा डोंगर होता आणि त्याच वर्षीच्या ईस्टरला झालेल्या बॉम्बस्फोटांनी पर्यटनाचे कंबरडे मोडले होते. दुसरा कुणी असता तर चार पैसे गाठीला बांधायला निघाला असता. यांनी डिसेंबर उजाडताच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. पूर्वी वर्षाला १ कोटी २० लाखांची उलाढाल असली की या करासाठी नोंदणी करावी लागे; ती मर्यादा ३० कोटी केली. म्हणजे दुकानदाराला कर कमी भरायचा होता असे नाही, भरायचाच नव्हता. नोकरदारांच्या पगारातून होणारी करकपातही थांबवली. सगळीकडे आनंदीआनंद. वाईट वाटले ते फक्त हिशेबाच्या वहीला: सरकारचे उत्पन्न देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्याही खाली गेले.

मग पतमानांकन संस्था दर्जा घटवतात, बाहेरचे सावकार दारात उभे करत नाहीत. करू देत. देशाला स्वतःचा नोटांचा छापखाना असतो, तो कशासाठी? छापा. महागाई वाढेल असे म्हणणारे लोक बैठकीला बोलवू नका.

पण एक अडचण राहते. रुपया घरी छापता येतो, डॉलर येत नाही. तेव्हा डॉलर वाचवायला हवेत, आणि ते अशा ठिकाणी वाचवावेत की वाचले कमी आणि गाजले जास्त. श्रीलंकेने मोटारींची आयात बंद केली, ते एक वेळ समजू शकते. हळदीचीही केली. भाव असे कडाडले की तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोलीस चक्क हळदीची पोती पकडू लागले. एके काळी या समुद्रातून सोने आणि शस्त्रे जात असत. सांगलीकरांनी मात्र ही माहिती फार मनावर घेऊ नये.

आता मुख्य धडा, खताचा. हा नीट शिकून घ्या, कारण एवढ्या कमी शाईत एवढे मोठे नुकसान सहसा साधत नाही. रासायनिक खताच्या आयातीवर डॉलर जात होते. डॉलर नाहीत असे शेतकऱ्यांना सांगणे म्हणजे कबूल करणे झाले, आणि ते तर पथ्यात बसत नाही. म्हणून सरकारने सांगितले की तुमच्या आरोग्यासाठी आम्ही शेती सेंद्रिय करतो आहोत. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात हे काम दहा वर्षांत करण्याचे वचन होते. मे २०२१ मध्ये राजपत्रात सूचना निघाली आणि रासायनिक खते व कीटकनाशके यांची आयात एका फटक्यात बंद झाली. दिलेल्या मुदतीच्या आधी वचन पुरे करणारे सरकार तुम्ही कधी पाहिले होते का?

कंपोस्ट खत हुकूम काढून तयार होत नाही, हे शेणाला सांगून उपयोग नव्हता आणि मंत्रिमंडळाला सांगायला कुणी धजत नव्हते. मग सेंद्रिय खत चीनहून मागवले. म्हणजे आयात वाचवण्यासाठी आयात. ‘हिप्पो स्पिरिट’ नावाचे जहाज २० हजार टन माल घेऊन निघाले. नमुने तपासले तर त्यात पिकाला अपायकारक जीवाणू. श्रीलंकेने माल नाकारला, बँकेने पैसे अडवले, चीनने त्या सरकारी बँकेला काळ्या यादीत टाकले. जहाज समुद्रात येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये श्रीलंकेने ६७ लाख डॉलर भरले, न उतरवलेल्या खताचे. दरम्यान भारतातून विमानाने द्रवरूप नॅनो नायट्रोजन खत आणावे लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी उठली तोवर हंगाम गेला होता. भातात जवळजवळ स्वयंपूर्ण असलेला देश तांदूळ विकत घेऊ लागला आणि शेतकऱ्यांना भरपाई द्यायची पाळी आली. चहाचेही उत्पन्न घसरले, म्हणजे ज्या पिकाने डॉलर येत होते तेच. वाचवलेल्या डॉलरांचा हिशेब मागू नका, अशा थोर प्रयोगात हिशेब मागणे क्षुद्रपणाचे आहे.

तुम्ही म्हणाल, एवढे चालले असताना मंत्रिमंडळात कुणीच कसे बोलले नाही? तीच तर रचना. मंत्रिमंडळ असे बसवावे की बैठकीतला वाद जेवणाच्या ताटावर मिटला पाहिजे. २०२१ च्या जुलैत तिथे चित्र असे होते: राष्ट्राध्यक्ष गोटाबया, पंतप्रधान थोरले बंधू महिंदा, अर्थमंत्री धाकटे बंधू बेसिल, पाटबंधारे सर्वांत थोरले बंधू चमल यांच्याकडे, आणि क्रीडाखाते महिंदांचे चिरंजीव नमल यांच्याकडे. बेसिल अमेरिकेचेही नागरिक. दुहेरी नागरिकाला संसदेत बसता येत नव्हते, तर आदल्याच वर्षी घटनादुरुस्ती करून वाट मोकळी केलेली. चमल यांचे चिरंजीव शशींद्र हे राज्यमंत्री, आणि त्यांचे खाते आम्ही मुद्दाम पूर्ण लिहितो: भात व धान्ये, सेंद्रिय अन्न, भाजीपाला, फळे, मिरची, कांदा व बटाटा लागवड प्रोत्साहन, बियाणे उत्पादन आणि उच्च तंत्रज्ञान शेती. नुसती पाटी वाचूनच पोट भरावे! याशिवाय वेत, पितळ, माती आणि फर्निचर यांचेही एक खाते होते. टंचाईच्या काळात जे बाजारात मिळत नाही ते निदान मंत्रालयाच्या दारावर लिहिलेले असावे.

यातून टंचाई हटली नाही, तर ती साठेबाजांनी केली असे जाहीर करा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तिथे आणीबाणीचे नियम लागू झाले आणि साखर-तांदूळ शोधायला एक मेजर जनरल नेमले गेले. सैन्याला गोदामावर पाठवण्यात एक सोय असते. साखर सापडली तर पराक्रम, नाही सापडली तर शत्रू किती चलाख आहे ते कळते.

आता रुपयाच्या भावाकडे वळू. भाव म्हणजे देशाची अब्रू, आणि अब्रू हुकुमाने टिकवता येते असा मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर अजित निवार्ड कब्राल यांचा विश्वास होता. डॉलरला साधारण २०० रुपये, त्यापुढे नाही. बाहेरच्या बाजारात २४० मिळत होते. आखातात राबणाऱ्या माणसाला आईच्या औषधासाठी पैसे पाठवायचे तर तो बँकेत जाऊन देशाची अब्रू राखणार, की ‘उंडियाल’वाल्याकडे, म्हणजे आपल्याकडच्या हवाल्यावाल्याकडे, जाऊन चाळीस रुपये जास्त घेणार? २०२० मध्ये बाहेरून ७१० कोटी डॉलर आले होते; २०२१ मध्ये ५५० कोटी. भाव जागेवर, डॉलर गायब. मार्च २०२२ मध्ये दोर सोडावाच लागला आणि मेपर्यंत डॉलर ३६० च्या घरात जाऊन बसला.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायचे का, असे विचारणारे आगाऊ लोक तुम्हालाही भेटतील. त्यांना सांगायचे, आमच्याकडे घरगुती उपाय आहे. कब्राल हेच सांगत होते. नाणेनिधीकडे जाणे म्हणजे कबूल करणे. उलट, आपण ठणठणीत आहोत हे जगाला दिसले पाहिजे. म्हणून १८ जानेवारी २०२२ रोजी श्रीलंकेने रोख्यांची मुदत भरताच ५० कोटी डॉलर मोजून दिले. त्या वेळी कोलंबो बंदरात अन्नधान्याचे कंटेनर डॉलरअभावी अडकून पडले होते. देऊ नका, थोडी मुदत मागा, ते पैसे अन्न-औषधांना ठेवा, असे तिथले अर्थतज्ज्ञ ओरडून सांगत होते. पण रोखेधारक न्यूयॉर्क-लंडनमध्ये असतो, त्याला वाईट वाटलेले लगेच छापून येते. रुग्ण आपल्याच देशात असतो, तो समजून घेतो. मार्चअखेर कँडीजवळच्या पेरादेनिया रुग्णालयाने औषधे नाहीत म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. १२ एप्रिलला परकीय कर्जफेड थांबवत असल्याचे सरकारने जाहीर केलेच, म्हणजे अब्रू बरोबर बारा आठवडे टिकली. ५० कोटींत बारा आठवडे. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले तेव्हा वापरता येण्याजोगे डॉलर ५ कोटीही उरले नव्हते.

इथपर्यंत आलात की राज्यकारभार सोपा होतो, कारण करण्यासारखे फारसे राहत नाही. कागद नाही? परीक्षा पुढे ढकला. पश्चिम प्रांतात ढकलल्या. विद्यार्थी तुम्हाला दुवा देतील. वीज नाही? मार्चअखेरीस दिवसाचे १३ तास ती घालवली, रस्त्यावरचे दिवे विझवले. शेअर बाजाराची वेळही कमी केली, तोटा व्हायलाही वेळ लागतोच. इराणच्या तेलाचे जुने २५ कोटी डॉलर देणे होते. ते महिन्याला ५० लाखांचा चहा पाठवून फेडायचे ठरले. पेट्रोल नाही? पंपावर सैनिक उभे करा, मग टोकन वाटा, मग जूनअखेर खाजगी गाड्यांना विक्रीच बंद. रांगेत उभी राहून काही माणसे मेली. बहुतेक वयस्क होती. याला काय टोमणा मारायचा ते आम्हाला सुचलेले नाही.

जून २०२२ मधला निर्णय मात्र खरोखर अभ्यासण्याजोगा. सरकारी कर्मचाऱ्यांना दर शुक्रवारी सुट्टी, घरामागे भाजी लावण्यासाठी. वर्षभरापूर्वी ज्यांनी शेतकऱ्याच्या हातातले खत काढून घेतले, त्यांनी आता कारकुनाच्या हातात कुदळ दिली. शिवाय ज्याला परदेशी जाऊन कमवायचे असेल त्याने पाच वर्षे बिनपगारी रजेवर जावे, ज्येष्ठताक्रम अबाधित राहील. थोडक्यात, सरकारने आपल्याच नोकरांना कळवले की इथे राहण्यात अर्थ नाही. एवढी मोकळेपणाची कबुली त्या तीन वर्षांत दुसरी सापडत नाही, आणि तीही परिपत्रकातून.

लोक चिडले तर? आधी इंटरनेट आवळून बघावे. ३ एप्रिलला समाजमाध्यमे बंद केली, तर खुद्द क्रीडामंत्री पुतण्याने ट्विट करून कळवले की व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवून जाणारी इंटरनेटवरची आडवाट, असताना असल्या बंदीचा उपयोग नाही. घरातला तरुण मुलगा तांत्रिक बाबतीत ऐकण्यासारखा असतो. त्याच रात्री, पंतप्रधान सोडून, अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. नवे अर्थमंत्री म्हणून गोटाबयांचे एके काळचे वकील अली साबरी यांना नेमले. त्यांनी चोवीस तासांत राजीनामा दिला. पण त्या खुर्चीवर बसायला दुसरे कुणीच पुढे येईना, तेव्हा तेच पुन्हा बसले. अर्थमंत्रिपद कुणाला नकोसे होणे, हे मंदीचे कुठल्याही टक्केवारीपेक्षा खात्रीचे लक्षण आहे. टक्केवारीच हवी असेल तर सप्टेंबर २०२२ ची घ्या: महागाई ६९.८ टक्के, खाद्यपदार्थांची ९४.९.

कारणांची यादी तयार ठेवा. ईस्टरचे बॉम्बस्फोट, कोरोना, युक्रेनचे युद्ध. तिन्ही खरी आहेत, म्हणून तर उपयोगी. फक्त तारखा जुळवून घ्या. युक्रेनवर हल्ला २४ फेब्रुवारी २०२२ ला झाला आणि कर ८ टक्क्यांवर आला होता डिसेंबर २०१९ ला, असे मध्येच कुणी बोलले तर चहा मागवावा. कर्ज चीनचे आहे असेही सांगता येते, लोकांना ते पटते. सर्वांत मोठा हिस्सा बाजारातून उचललेल्या रोख्यांचा होता, हे सांगणारा माणूस मैफलीत कंटाळवाणा ठरतो.

शेजाऱ्यांशी बिघडवू नका. भारताने २०२२ मध्ये जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत पाठवली, तेलासह. नाणेनिधीकडे न जाण्याचा स्वाभिमान असा शेजाऱ्याच्या खर्चाने काही महिने जास्त चालवता येतो. शेवटी मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सुमारे ३०० कोटी मंजूर केलेच, पण तोवर सरकार दुसरे होते.

आता निघण्याची व्यवस्था. महिंदांनी ९ मे २०२२ रोजी राजीनामा दिला आणि त्रिंकोमालीच्या नौदल तळावर आश्रय घेतला. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले, तलावात पोहले, व्यायामशाळेत घाम गाळला. तिथे सापडलेले १ कोटी ७८ लाख रुपये त्यांनी मोजून पोलिसांच्या हवाली केले. तीन वर्षांत सरकारी पैशाचा चोख हिशेब झाला तो या एका दिवशी. गोटाबया १३ जुलैला हवाई दलाच्या विमानाने मालदीवला, तिथून सिंगापूरला गेले आणि राजीनामा ईमेलने पाठवला. कागदाची टंचाई होतीच. सप्टेंबरात ते परतले. राहायला सरकारी बंगला आणि बंदोबस्त मिळाला.

एवढे झाल्यावर कुणीतरी न्यायालयात जाणारच, त्याची तरतूद मात्र आधीच करून ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गोटाबया, महिंदा, बेसिल आणि मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर यांच्यासह अनेकांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. त्यापोटी याचिकाकर्त्यांना द्यायचा खर्च ठरला दीड लाख श्रीलंकन रुपये. आपल्या पैशात चाळीस हजारांच्या आतच. शपथविधीच्या दिवशीच वेगळ्या पाकिटात घालून ठेवायला हरकत नाही.