पळवाटेला प्रयोग म्हणू नये

जुन्या काडतुसांवरील आपल्या लेखात आलेल्या टीट-फायर (बुडाशी बोंड असलेल्या) आणि कप-प्राइम्ड (वाटीसारख्या बुडाच्या) काडतुसांचे चमत्कारिक आकार हे ‘अधिक खात्रीशीर प्रज्वलनासाठी केलेले प्रयोग’ होते, हे त्यातील विधान पटले नाही. ती मुख्यतः पेटंटमधून काढलेली पळवाट होती. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरचे कप्पे आरपार छेदून मागून काडतूस भरण्याच्या रचनेचे पेटंट रोलिन व्हाइट यांना १८५५ मध्ये मिळाले, त्याच्या वापराचा हक्क स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीकडे गेला, आणि १८६९ मध्ये त्याची मुदत संपेपर्यंत अमेरिकेतील इतर कारखानदारांना पेटंट टाळायचे तर पुढून भरण्यासारखे वेगळे मार्ग शोधावे लागले. मूर या कारखानदारांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये टीट-फायर काडतुसाच्या बुडाशी असलेले बोंड कप्प्यामागच्या बारीक छिद्रातून डोकावे आणि घोडा त्यावरच आपटे. प्लँट या कारखानदारांच्या कप-प्राइम्ड काडतुसाचे बूड तर वाटीसारखे आत वळलेले असे.

माझ्याकडच्या टीट-फायर काडतुसांपैकी काहींचे बोंड गोल, तर काहींचे चपटे आहे; बुडावर कारखान्याची खूण नसल्यामुळे ओळख पटवायला हाच फरक भिंगाखाली पाहावा लागतो, आणि तो लेखात आला असता तर नव्या संग्राहकांची मोठी सोय झाली असती. शिवाय तांब्याची कवचे घासून चकचकीत करण्याचा आपला सल्ला (क्षमस्व) मुळीच मानू नये, कारण त्याने मूळ पृष्ठभाग जातो, आणि जिवंत काडतुसातील जुने फल्मिनेट (ठिणगी पाडणारे स्फोटक रसायन) धक्क्याने आजही पेट घेऊ शकते.