खानापूरला पोटनिवडणूक झाली नाही, मग इथं कशाला?

एखाद्या थोरल्या आमदारानं मुदतीआधीच 'आता थांबतो' म्हटलं, की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो : 'जागा घरातच द्यायची, ही आपली परंपरा. तासगाव, पलूस-कडेगावला कुणी लढलंच नाही. खानापूरला तर निवडणूकच झाली नाही. पोटनिवडणुकीचा पैसा रस्त्याला लावा.'

आधी खानापूरचं बघू, कारण तिथंच जास्त लोक फसतात. तिथले आमदार अनिलभाऊ बाबर ३१ जानेवारी २०२४ ला वारले. विधानसभेची मुदत त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला संपत होती, म्हणजे दहा महिनेही उरले नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ म्हणतं, जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. पण मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर ते बंधन नाही. परंपरेचा इथं संबंधच नाही.

तासगावला कुणी लढलं नाही, हे तर साफ खोटं. तिथले आमदार आर. आर. (आबा) पाटील गेल्यावर एप्रिल २०१५ मध्ये रीतसर मतदान झालं. मोठ्या पक्षांनी उमेदवार दिले नाहीत, पण अपक्ष होते. आबांच्या पत्नी सुमनताई लाखावर मतांनी निवडून आल्या. पलूस-कडेगावला वडील पतंगराव कदम गेल्यावर २०१८ मध्ये विश्वजित कदम बिनविरोध झाले, हे खरं. मात्र तिथंही भाजपनं अर्ज भरला होता, मग मागं घेतला.

आणि या तिन्ही जागा मृत्यूनं रिकाम्या झाल्या. दारात सुतक असताना समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं, ही रीत मलाही पटते. पण नेता धडधाकट आहे, उद्या स्वतः सभा घेऊन पोरासाठी मतं मागणार आहे, तिथं सुतकाचा मान कसला? शेजारच्या पंढरपुरात तर आमदार असलेले वडील गेल्यावरही २०२१ च्या पोटनिवडणुकीत भगीरथ भालके पडले. साताऱ्यात उदयनराजेंनी २०१९ मध्ये निवडून आल्यावर चार महिन्यांच्या आत खासदारकी सोडून पक्ष बदलला, आणि पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना ८७ हजारांवर मतांनी हरवलं. तेही छत्रपतींच्या गादीचा मान राखणाऱ्या साताऱ्यात!

राहिला पैसा. विधानसभेच्या निवडणुकीचा खर्च राज्य सरकार करतं. मतदान टळलं म्हणून तेवढी रक्कम तुमच्या वस्तीच्या रस्त्यावर येऊन पडत नाही.

बरं, आमदाराचा राजीनामा विधानसभा अध्यक्षांनी स्वीकारेपर्यंत जागा रिकामीच होत नाही. इथं राजीनामा लिहायच्या आधीच ग्रुपवर वारसाच्या अभिनंदनाचे बॅनर पडलेत.